टाळे कोणत्या बाजूचे? दाराच्या शब्दांची पार्श्वभूमी

मार्च २०२० च्या अखेरीस देशभर निर्बंध लागू झाले, तेव्हा अनेक मराठी वृत्तपत्रांनी ‘लॉकडाऊन’साठी ‘टाळेबंदी’ हा शब्द उचलला आणि तो रुळलाही. कारखान्यांच्या जगात मात्र हाच शब्द ‘लॉकआउट’साठी कितीतरी वर्षे वापरात होता. त्यातून झालेला गोंधळ समजून घ्यायचा, तर दाराला काय लावतात आणि कोणत्या बाजूने लावतात, हे आधी पाहावे लागते.

जुन्या वाड्याच्या दारामागे एका बाजूच्या भिंतीत खोल चौकोनी पोकळी असते आणि समोरच्या भिंतीत वीतभर खाच. दिवसा त्या पोकळीत सरकवून ठेवलेले जाड लाकूड रात्री ओढून खाचेत बसवले की बाहेरून कितीही रेटा दिला तरी फळ्या हलत नाहीत. याला अडसर म्हणत, अडणा म्हणत आणि आगळही म्हणत. यांतली आगळ संस्कृत ‘अर्गला’वरून आलेली आहे, कपाटाला, म्हणजे दाराच्या फळीला, आतून आधार देणारी ती अर्गला, असे अमरकोश हा जुना संस्कृत कोश सांगतो. दुर्गासप्तशतीच्या पाठाआधी कवचापाठोपाठ अर्गला आणि कीलक ही स्तोत्रे म्हटली जातात, आणि ‘अनर्गल बडबड’ म्हणजे आगळ न घातलेली जीभ, हे ती बडबड करणाऱ्यालाही सहसा ठाऊक नसते. ज्या ‘कील’पासून कीलक, त्याच्याच कुळातली आपली किल्ली. अडसर, आगळ, खिट्टी ही सगळी आत असलेल्या माणसाच्या हातची साधने होत. कडी-कोयंडा तेवढा दोन्ही बाजूंना बसतो, आणि बाहेरच्या कोयंड्यात जे अडकवतात ते कुलूप.

कुलूप हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून फारसीच्या वाटेने आला. वाटेत ‘फ’ आणि ‘ल’ यांनी जागा बदलल्या, ‘फ’चा ‘प’ झाला, आणि शब्द इतका घरचा झाला की ‘कुलपाला’, ‘कुलपे’ अशी रूपे निमूटपणे घेऊ लागला. चावी पोर्तुगीज ‘शावे’वरून आली. तिने किल्लीला हुसकावले नाही. घड्याळाला आजही किल्ली देतात, खेळणे मात्र चावीचे असते.

‘टाळे’ त्या मानाने जुने, संस्कृत ‘ताल’, ‘तालक’ यांच्या नात्यातले. पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, ‘ताळ’ म्हणजे चक्क किल्ली असून भिक्षूंना धातूची, लाकडाची आणि शिंगाची अशा तीन प्रकारच्या किल्ल्यांची मुभा दिलेली आहे. उघडणाऱ्या वस्तूचे नाव पुढे बंद करणाऱ्या वस्तूला चिकटले. मुंबईत लालबागेत १८९७ मध्ये देशी कुलपांचा कारखाना सुरू झाल्यावर घरोघरी वस्तू बदलली, पण बोलीतला भेद टिकला: कुलूप घरधनी लावतो आणि टाळे ठोकले जाते. ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या दाराला असते.

‘टाळेबंदी’त हाच अर्थ आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संप आणि टाळेबंदी यांच्या व्याख्या स्वतंत्र दिलेल्या होत्या: संप कामगारांनी करायचा, आणि कामाची जागा तात्पुरती बंद करणे, काम थांबवणे किंवा कामगारांना कामावर ठेवण्यास नकार देणे ही मालकाची टाळेबंदी. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या काळात वाढलेल्या माणसाला हा फरक कोशात पाहावा लागत नाही. पुढे आंदोलकांनीही हत्यार उलटे फिरवले आणि पाणी किंवा वीज मिळाली नाही की संबंधित कार्यालयालाच टाळे ठोकण्याची रीत पडली. मालक असो वा आंदोलक, टाळे ठोकणारा बाहेरच उभा असतो.

२०२० मध्ये लोक आपापल्या घरात होते आणि कडी आतून लावलेली होती. त्या स्थितीला बाहेरून ठोकायच्या टाळ्याचे नाव देणे ही निवड घाईची होती. ‘घरबंदी’ अधिक नेमका ठरला असता. हा केवळ शब्दांचा कीस नाही. ‘कारखाना टाळेबंदीत बंद होता’ या वाक्यातून कारखाना मालकाने बंद केला की सरकारी आदेशाने, हे आता कळत नाही, आणि वेतनाच्या वादात नेमका तोच प्रश्न निर्णायक असतो. (हिशेबाचा ‘ताळेबंद’ वेगळा, तो पडताळ्याच्या ‘ताळ्या’वरून आला आहे. तरी छापताना दोन्हींची अदलाबदल होते.)

राज्य सरकारने एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध आणले, तेव्हा आदेशांना ‘ब्रेक द चेन’ असे नाव दिले. त्यामुळे टाळे टळले आणि साखळी आली. पण जुन्या घरांत साखळी हीदेखील दाराचीच वस्तू, आणि ती तोडायची नव्हे, तर तिन्हीसांज उलटल्यावर कोयंड्यात अडकवायची असते.