क्लाउडवर चढवल्याने आवाज ‘बसत’ नाही

खानापूर-निपाणीकडच्या आमच्या भजनकऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: रेकॉर्डिंग क्लाउडवर ठेवलं की पखवाज बद्द वाजतो. साफ चूक. गूगल ड्राइव्हवर चढवलेली फाइल डाउनलोड केली की जशीच्या तशी, बाइटला बाइट उतरते. आवाज बिघडतो तो आधीच. देवळात व्हॉट्सअॅपचं माइकचं बटण दाबून अभंग टिपला, की तिथेच ध्वनी दाबून लहान होतो. मग तीच फाइल ड्राइव्हवर टाकायची आणि बोट क्लाउडकडे!

मूळ वेव्ह (.wav, म्हणजे ध्वनी न दाबलेली) फाइलच थेट चढवा. मात्र सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला सुमारे १० एमबी खाते. गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत साधारण २४ तास मावतात. त्यातही जीमेल आणि फोटो वाटेकरी. एमपी३ थोडा ध्वनी गाळून जागा वाचवते, पण गाळलेला ध्वनी पुन्हा वेव्ह करूनही परत येत नाही.