डाळ कुठली आहे, हे जरूर विचारा

आमच्या ग्राहकांसाठी

डाळ घेताना आपण भाव विचारतो, रंग बघतो, फार तर मूठभर हातावर घेऊन खडे-चुरी आहे का ते पाहतो. ही तूर कुठल्या भागातली, कोणत्या हंगामातली, हे विचारायचं राहून जातं. आमची डाळ मिल लातूरजवळ आहे, लहान आहे. औसा, निलंगा, रेणापूर या तालुक्यांतल्या शेतकऱ्यांकडून तूर, हरभरा, मूग, उडीद घ्यायचे, इथेच भरडायचे आणि थेट घरी, खानावळीत, वसतिगृहात पोचवायचे, एवढंच काम आम्ही करतो. ते वाढावं अशी मनापासून इच्छा आहे, आणि तुमच्याशिवाय ते वाढणार नाही. म्हणून हे पत्रक.

शेतकरी डाळीचं पीक का टाळतो

डाळी पिकवण्यात भारत जगात पहिला, खाण्यातही पहिला, आणि तरी बाहेरून आणाव्या लागतात. म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी इथली तूर आपल्या बाजारात येते. 2021 मध्ये केंद्र सरकारने तुरीची आयात खुली केली. आयातीवर आमचा राग नाही. पीक कमी आलं त्या वर्षी गरिबाच्या ताटात डाळ त्यामुळेच राहते. पण आपल्याकडच्या शेतकऱ्याला भावाचा भरवसा लागतो, आणि तो त्याला मिळत नाही.

2015 मध्ये तूरडाळ किलोला 200 रुपयांच्या घरात गेली होती, आठवत असेल. ते बघून पुढच्या खरिपात लोकांनी तूर वाढवली, पाऊसही चांगला झाला, आणि 2017 च्या सुरुवातीला क्विंटलला 5050 रुपये हमीभाव असताना बाजारात त्याखाली तूर विकायची वेळ आली. खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, पोती उघड्यावर पडून राहिली. आमच्या भागात ते अजून कोणी विसरलेलं नाही.

सोयाबीनलाही भावाचं दुखणं आहेच, पण तेल आणि पेंडीसाठी त्याला गिऱ्हाईक कायम असतं. म्हणूनच मराठवाड्यात त्याने खरीप ज्वारी, मूग आणि उडदाची जागा घेतली. तूर टिकली ती बरीचशी सोयाबीनमधलं आंतरपीक म्हणून. चार किंवा सहा ओळी सोयाबीन, मग दोन ओळी तूर. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, तूर खोलवरची ओल धरून डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. तुरीचा बेवड, म्हणजे पीक निघाल्यावर पुढच्या पिकासाठी रानात राहणारा कस, चांगला, हे जुनी माणसं सांगतातच. पाला गळून रानात कुजतो, मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र धरतात. पावसाळ्यात तुरीचं रोप अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी दिसली तर गाठ कामाला लागली आहे असं समजायचं. असं पीक रानातून हटलं तर खताच्या पोत्यांचा खर्च वाढणार, हे उघड आहे.

आमची डाळ चकचकीत का नाही

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. तुरीचं टरफल दाण्याला घट्ट चिकटलेलं असतं, हरभऱ्यासारखं सहज सुटत नाही. म्हणून आधी चाळून सारख्या आकाराचे दाणे वेगळे काढतो, खरबरीत रोलरवरून टरफलाला ओरखडे पाडतो, खायच्या तेलाचा हलका हात देतो आणि ढीग झाकून मुरत ठेवतो. मग उन्हात वाळवण. मग पाण्याचा हबका, पुन्हा ऊन, आणि शेवटी भरडणं. ऊन कमी पडलं तर टरफल निघत नाही आणि जोर लावला तर डाळीचा चुरा होतो. त्यामुळे ढगाळ आठवड्यात तुमचा माल दोन-चार दिवस उशिरा येतो, तेवढं सांभाळून घ्या.

यानंतर बाजारातली बरीच डाळ पाण्याने किंवा तेलाने पॉलिश होते. आम्ही ते करत नाही. आमच्या डाळीवर पिठूळ थर असतो, कुठे टरफलाचा तपकिरी कण राहतो. एक पाणी जास्त घालून धुवा, एवढंच. रंग आम्ही कधीही घालत नाही.

भाव असा बसतो

2025-26 च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8000 रुपये आहे. 100 किलो तुरीतून डाळ निघते 70 किलोच्या आसपास, बाकी चुणी (डाळीची बारीक तूट) आणि भुसा. म्हणजे 80 रुपये किलोची तूर डाळ होईपर्यंत 114 रुपयांची झाली. त्यावर मजुरी, वीज, पोती, वाहतूक आली. चुणी-भुसा जनावरांच्या खाद्याला जातो, त्यातून थोडं परत मिळतं. बाजार हमीभावाच्या खाली गेला तरी आम्ही हमीभावानेच घेतो. त्या दिवसांत आमची डाळ बाजूच्या दुकानापेक्षा महाग दिसेल. वरचे पैसे कुठे जातात, ते तुम्हाला माहीत असावं म्हणून हा हिशेब लिहिला.

शिजवणं आणि ठेवणं

नवी डाळ लवकर शिजते. गरम, दमट जागी वर्षभर राहिलेली डाळ कुकरच्या कितीही शिट्ट्या झाल्या तरी कणी धरून बसते. बोअरच्या जड पाण्यातही वेळ लागतो, तेव्हा अर्धा तास भिजवा. चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच घाला, आंबटामुळे दाणा मऊ व्हायला उशीर होतो.

अख्खे मूग, मटकी, तूर ठेवायची असेल तर दाण्याला एरंडेलाचा हात लावा. दाण्यावर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले तर ती भुंग्याची अंडी आहेत. अळी दाण्याच्या आत वाढते आणि गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. ठिपके दिसले की लगेच कळवा, बदलून देतो.

घरात किती लागते

डाळीत वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून थोडी जास्त प्रथिनं असतात. 30 ग्रॅम डाळीच्या वरणातून साडेसहा ग्रॅमच्या आसपास मिळतात. भातात लायसिन (प्रथिनांतला एक गरजेचा घटक) कमी, डाळीत ते भरपूर, म्हणून वरणभात किंवा भाकरी-उसळ ही जोडी पक्की. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2000 कॅलरींच्या शाकाहारी आहारासाठी डाळी-कडधान्यं रोज 85 ग्रॅम सुचवली आहेत. पातळ आमटीवर हे भागत नाही. सकाळी मोडाची मटकी, दुपारी वरण, रात्री पिठलं किंवा कुळथाची पिठी असं फिरवलं तर सहज जमतं.

तूर आमची, पण बाकीचंही आपलंच

लातूर जिल्ह्यातली बोरसुरीची तूरडाळ, नंदुरबारकडची नवापूर तूरडाळ, साताऱ्याच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा यांना भौगोलिक मानांकन आहे. कोकणातले कडवे वाल, कुळीथ हेही मिळतील तिथून घ्या. ते आमच्याकडे नाहीत, तरी सांगतो.

आम्हाला सगळ्यांत उपयोगी पडते ती वर्षाची आगाऊ नोंदणी. खानावळ, वसतिगृह, लग्नाचे केटरर किंवा पुण्या-मुंबईतली एखादी सोसायटी यांनी मे महिन्यात आकडा सांगितला, तर पेरणीआधी आम्ही शेतकऱ्याला तेवढ्या तुरीचा शब्द देऊ शकतो. माल फेब्रुवारीपासून, हप्त्याहप्त्याने. घरासाठी पाच किलोपासून देतो. पुडीवर गाव, हंगाम आणि भरडल्याचा महिना छापलेला असतो. तो नसेल तर पुडी परत करा.