शहामृगाचं अंडं सांभाळायचं म्हणजे

शहामृगाचं एक अंडं दीडेक किलोचं, म्हणजे कोंबडीच्या चोवीस अंड्यांच्या तोडीचं. कवच दोन मिलिमीटर जाड आणि विलक्षण चिवट. जळगाव जिल्ह्यातल्या पाटणे इथे अश्मयुगीन माणसाने नक्षी कोरलेला अशा कवचाचा तुकडा सापडला, तो सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा! पण हे कवच हवाबंद नसतं. त्याला बारीक छिद्रं असतात. गर्भाचा श्वास त्यांतूनच चालतो आणि जंतूही तिथूनच शिरतात.

सर्वांत नाजूक असतात ते अंडं घातल्यानंतरचे पहिले काही तास. मादी बहुधा दुपार कलल्यावर अंडं घालते. तेव्हा ते अंगच्या उबेइतकं गरम असतं. निवताना आतला ऐवज आकसतो आणि छिद्रांतून बाहेरची हवा आत ओढली जाते. घरटं म्हणजे जमिनीतला नुसता खळगा. तिथे चिखल असला की जंतूंचं फावतं. म्हणून शहामृगपालनात खळग्यात कोरडी वाळू ठेवतात आणि अंडी त्याच दिवशी उचलतात. मळलेलं अंडं गार पाण्याने तर कधीच धुऊ नये, कारण ते पुन्हा आकसतं आणि घाण आत खेचतं. कोरड्या ब्रशने झटकलेलं बरं.

उबवायची अंडी १५ ते १८ अंश सेल्सिअसला ठेवतात. या तापमानात गर्भ जिवंत राहतो, पण त्याची वाढ थांबते. तरी आठवड्याच्या आत ती उबवणी यंत्रात गेलेली बरी. दिवसागणिक कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर जातं, पांढरा बलक पातळ होतो, पिल्लू निघण्याची शक्यता घटते.

रानात मात्र शीतगृह नसतं. मादी दिवसाआड अंडं घालते, त्याच खळग्यात इतर माद्याही घालतात आणि पहिली अंडी कित्येक दिवस उन्हात पडून राहतात. टांझानियात संशोधकांनी काही अंडी तपकिरी रंगवून पाहिली, तर ती पांढऱ्यांपेक्षा जास्त तापली. पांढरा रंग शिकाऱ्यांच्या नजरेत चटकन भरतो, तरी शहामृगाने तो सोडलेला नाही. गर्भासाठी ऊन किती घातक, हे मला या एका प्रयोगातून जितकं पटलं तितकं कशातूनच नाही.

गार खोलीतून काढलेलं अंडं थेट यंत्रात ठेवलं तर कवचावर दव धरतं आणि ओल्या कवचातून जंतू सहज आत जातात. त्यामुळे आधी ते कोरड्या, साध्या खोलीत काही तास राहू द्यावं. खाण्यासाठीचं अंडं मात्र फ्रिजमध्येच ठेवावं. एकदा भोक पाडलं की दोन दिवसांत संपवावं, नाहीतर फेटून डब्यांत भरून फ्रीजरमध्ये टाकावं.