धोकादायक धडक आणि खेळाडूंवरील कारवाई (अमेरिकन फुटबॉल)

नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला, मानेला किंवा गुडघ्यांना गंभीर इजा होईल अशी धडक देणे, आणि त्याबद्दल होणारी शिक्षा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर रंगतो तो फुटबॉल वेगळा. इथला चेंडू लांबुळका, बहुतेक वेळ हातात असणारा. आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला अंगावर जाऊन पाडणे हेच बचाव फळीचे काम. त्यामुळे धडक कुठे बसली, केव्हा बसली आणि हेल्मेटने बसली की खांद्याने, यावर सगळा न्याय होतो.

१९०५ च्या एकाच हंगामात या खेळात डझनाहून अधिक तरुण दगावले. त्याच वर्षी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले होते. १९०६ पासून चेंडू पुढे फेकायची मुभा मिळाली आणि एकाच जागी चाललेली रेटारेटी थोडी सैल झाली. एनएफएलने १९४३ मध्ये हेल्मेट सक्तीचे केले. पुढे चामड्याची जागा टणक प्लास्टिकने घेतली, आणि डोके वाचवायला आलेले हे कवच समोरच्याला ठोकायच्या कामी येऊ लागले.

१२ ऑगस्ट १९७८ रोजी ओकलंडमध्ये रेडर्स आणि न्यू इंग्लंड पॅट्रियट्स यांचा हंगामापूर्वीचा सामना होता. त्याच्या निकालाला काडीची किंमत नव्हती. पॅट्रियट्सचा डॅरिल स्टिंगली आवाक्याबाहेर गेलेल्या चेंडूसाठी झेपावला. चेंडू काही हाती लागला नाही. तो पुढे झुकून खाली येत असतानाच जॅक टेटम त्याच्यावर आदळला. मानेच्या मणक्यांना मार बसला आणि २६ वर्षांचा स्टिंगली जन्माचा लुळा झाला. नियमभंगाची खूण म्हणून पंच टाकतात तो पिवळा रुमाल पडला नाही, टेटमला दंडही झाला नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ही धडक बसत होती. रेडर्सचे प्रशिक्षक जॉन मॅडन प्रतिस्पर्धी संघाच्या या खेळाडूला रुग्णालयात जाऊन भेटले. टेटम आणि स्टिंगली यांच्यात मात्र अखेरपर्यंत समेट झाला नाही.

याउलट २३ नोव्हेंबर १९८६ चा शिकागोतील प्रकार. ग्रीन बे पॅकर्सचा चार्ल्स मार्टिन कमरेला टॉवेल खोचून उतरला होता, आणि त्यावर प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या जर्सीचे क्रमांक लिहिलेले होते. शिकागोच्या जिम मॅकमॅहनने फेकलेला चेंडू पॅकर्सने झेलला. मॅकमॅहनचा त्या चालीशी संबंध संपला होता. मार्टिनने त्याला मागून उचलून खांद्यावर आपटले. मॅकमॅहनचा हंगाम तिथेच संपला. मार्टिनला मैदानाबाहेर काढून दोन सामन्यांसाठी निलंबित करण्यात आले. इथे हेतू टॉवेलवरच लिहिलेला होता. एरवी तो सिद्ध करणे अवघड, म्हणून नियम हळूहळू हेतू सोडून कृतीकडे वळले, हे बरेच झाले.

आज मैदानावरची शिक्षा म्हणजे दोषी संघाला १५ यार्डांचा तोटा, फारच झाले तर खेळाडूची हकालपट्टी. खरी कारवाई नंतर, चित्रफिती पाहून होते. पंचांनी रुमाल टाकला नसला तरी दंडाचे पत्र येऊ शकते. निलंबित खेळाडूचा त्या सामन्याचा पगार बुडतो. अपील ऐकणारे अधिकारी लीग आणि खेळाडूंची संघटना मिळून नेमतात. ते बहुधा माजी खेळाडूच असतात.

लीगचा दुटप्पीपणाही नोंदवायला हवा. ऑक्टोबर २०१० मध्ये पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसनला एका धडकेबद्दल ७५,००० डॉलर दंड झाला, आणि त्याच धडकेचे छायाचित्र लीगच्या संकेतस्थळावर विक्रीला होते. बोभाटा झाल्यावर ते काढले. २०१२ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघाचे, प्रतिस्पर्ध्याला जायबंदी करणाऱ्या आपल्या खेळाडूला रोख बक्षीस देण्याचे प्रकरण उघडकीस आले: प्रतिस्पर्ध्याला स्ट्रेचरगाडीवरून न्यावे लागले तर १,००० डॉलर, तो सामन्याबाहेर गेला तर १,५००. प्रशिक्षक शॉन पेटन पूर्ण हंगाम घरी बसले. खेळाडूंची निलंबने मात्र लीगचे माजी आयुक्त (प्रमुख) पॉल टॅग्लियाब्यू यांनी रद्द केली. दोषाचा मोठा वाटा त्यांनी प्रशिक्षक आणि संघाच्या पदरात घातला.

२०१८ पासून डोके खाली घालून हेल्मेटने भिडणे हाच गुन्हा ठरला. पुढच्याच वर्षी रेडर्सचा व्हॉन्टेझ बर्फिक्ट याने गुडघ्यावर टेकलेल्या जॅक डॉइलला हेल्मेटने धडक दिली. आधीच्या गुन्ह्यांची यादी लांबलचक असल्याने हंगामाचे उरलेले १२ सामने निलंबनात गेले. मैदानावरील कृत्याबद्दलची तोवरची ही सर्वांत मोठी शिक्षा. २०२४ पासून धावणाऱ्याला धरून, कंबर वळवून त्याच्या पायांवर वजन टाकणेही बंद झाले.

१ डिसेंबर २०२४ रोजी जॅक्सनव्हिलचा ट्रेव्हर लॉरेन्स पाय पुढे करून घसरत खाली बसला. असे घसरणे म्हणजे चाल संपल्याची खूण. तरीही ह्यूस्टनच्या अझीझ अल-शायरचा हात त्याच्या डोक्यावर बसला. लॉरेन्स उताणा पडला. दोन्ही हात हवेत ताठ, मुठी आवळलेल्या. अल-शायरला तीन सामन्यांच्या निलंबनाचे पत्र गेले. ते पाठवणारे लीगचे अधिकारी जॉन रनयान स्वतः फिलाडेल्फिया ईगल्सचे माजी खेळाडू.