बॅटमॅन : स्वभावचित्रणातील बदल

बॅटमॅन या अमेरिकन कॉमिक्स-नायकाचा स्वभाव १९३९ पासून अनेक लेखकांनी आपापल्या परीने मांडला आहे. चित्रकार बॉब केन आणि लेखक बिल फिंगर यांनी निर्माण केलेली ही व्यक्तिरेखा ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या मासिकाच्या २७व्या अंकात प्रथम अवतरली. फिंगर यांना अधिकृत श्रेय मात्र २०१५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी मिळाले. हा त्यांच्यावर झालेला अन्यायच होता. व्यक्तिरेखेची मालकी प्रकाशकाकडे असल्याने लेखक बदलत गेले, नायक तोच राहिला.

त्याच्या स्वभावाचे बीज ३३व्या अंकातल्या अवघ्या दोन पानांत आहे. सिनेमा पाहून घरी परतणाऱ्या लहानग्या ब्रूस वेनच्या, म्हणजे पुढच्या बॅटमॅनच्या, आईवडिलांना एक लुटारू गोळ्या घालतो. काही दिवसांनी मेणबत्तीच्या उजेडात, पलंगापाशी हात जोडून तो मुलगा शपथ घेतो : आईवडिलांच्या मृत्यूचा सूड घेईन आणि त्यासाठी उरलेले आयुष्य सगळ्या गुन्हेगारांशी लढण्यात घालवीन. या एकाच वाक्यात दोन वेगळ्या प्रेरणा आहेत. सूड घेणाऱ्याला मारेकरी सापडला की काम संपते; सगळ्या गुन्हेगारांशी लढणाऱ्याचे काम कधीच संपत नाही. कोणत्या लेखकाने यातल्या कशावर भर दिला, त्यावरून त्याचा बॅटमॅन ओळखता येतो.

सुरुवातीचा बॅटमॅन सुडाकडे झुकलेला, निष्ठुर होता. १९४० मध्ये ‘बॅटमॅन’ या स्वतंत्र नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात तो विमानातून मशीनगन चालवतो. ते पाहून संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी त्याच्या हातून बंदूक आणि हत्या दोन्ही काढून घेतल्या. म्हणजे ‘मी कुणाचा जीव घेणार नाही’ हे त्याचे प्रसिद्ध तत्त्व आधी संपादकाचा नियम होते. त्यामागचे दुःख पुढच्या लेखकांनी शोधले. १९७६ मधील डेनिस ओ’नील यांच्या कथेत बॅटमॅन दरवर्षी त्या खुनाच्या रात्री त्याच गल्लीत जातो आणि लेस्ली थॉम्पकिन्स या वृद्धेला भेटतो. त्या रात्री अनाथ झालेल्या मुलाला तिनेच जवळ घेतले होते. बंदुकीचा तिटकारा इथे आदेशासारखा वाटत नाही, जखमेसारखा वाटतो. नियमातून माणूस घडवण्याचे इतके सुंदर उदाहरण कॉमिक्समध्ये क्वचितच सापडेल.

त्याआधीच, एप्रिल १९४० मध्ये, बॅटमॅनचा बालसाथीदार रॉबिन आला होता. नायकाला बोलायला कोणीतरी हवे, ही फिंगर यांची साधी गरज होती. पण त्यामुळे एकलकोंडा ब्रूस पालक झाला. कॉमिक्समधील हिंसेवर बंधने घालणाऱ्या १९५४ च्या आचारसंहितेनंतर तो आणखी मवाळ झाला आणि परग्रहवासीयांशी झुंजू लागला. १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेने त्याची हसरी बाजू घरोघर पोहोचवली. मग १९६९ च्या अखेरीस रॉबिनला कॉलेजात पाठवण्यात आले आणि ओ’नील व चित्रकार नील ॲडम्स यांनी बॅटमॅनला पुन्हा रात्रीत, एकटेपणात नेले.

फ्रँक मिलर यांनी १९८६ मध्ये निवृत्त, पंचावन्न वर्षांचा ब्रूस रंगवला. त्याची शपथ त्याला स्वस्थ बसू देत नाही. ती जणू आतून पोखरणारी व्याधी आहे. या मांडणीचा प्रभाव प्रचंड पडला. पण अनेक अनुकरणकर्त्यांनी तिच्यातला राग तेवढा उचलला, थकवा उचलला नाही. मार्क वेड यांच्या २००० मधील कथेत बॅटमॅनने आपल्याच सहकारी सुपरहिरोंना हरवण्याच्या योजना लिहून ठेवलेल्या असतात आणि त्या शत्रूच्या हाती लागतात. लेखकाने इथे त्याच्या सावधपणाची किंमत दाखवली आहे.

२००६ पासून लिहिणाऱ्या ग्रँट मॉरिसन यांची वाट वेगळी होती. जुने काहीच न खोडता, पन्नाशीच्या दशकातल्या विचित्र कथांसह सगळे एकाच माणसाच्या आयुष्यात घडले असे त्यांनी मानले. शपथेचे हे काम कधी संपेल का, हा जुना प्रश्न टॉम किंग यांनी प्रेमाच्या अंगाने विचारला. त्यांच्या लेखनात ब्रूस कॅटवुमन या चोर असलेल्या प्रेयसीला लग्नाची मागणी घालतो. पण २०१८ मध्ये, ‘बॅटमॅन’च्या नव्या मालिकेच्या ५०व्या अंकात, ती लग्नाला येत नाही. सुखी झालेला ब्रूस बॅटमॅन राहू शकणार नाही, अशी तिची धारणा असते.