भूतकाळी क्रियापदानंतर येणारे 'फर्स्ट' आणि 'सेकंड'

इंग्रजीत 'शी स्पोक फर्स्ट' म्हटले की ती इतरांच्या आधी बोलली असा अर्थ होतो. 'व्हेन शी फर्स्ट स्पोक टू मी' म्हटले की ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली तेव्हाची गोष्ट सुरू होते. क्रियापद तेच, काळ तोच, क्रमवाचक शब्दही तोच, आणि तरीही केवळ जागा बदलल्याने अर्थ बदलतो. आता याच दोन वाक्यांत 'फर्स्ट'ऐवजी 'सेकंड' घालून पाहावे. 'शी स्पोक सेकंड' हे वाक्य वक्त्यांचा क्रम ठरलेल्या सभेच्या वर्णनात सहज चालते, पण 'व्हेन शी सेकंड स्पोक टू मी' असे कोणीही इंग्रजीभाषक म्हणणार नाही. मोजणीत शेजारी असलेले हे दोन शब्द वाक्यात इतके वेगळे का वागतात, हा प्रश्न मला इंग्रजी व्याकरणातील फार मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर या शब्दांच्या जन्मापर्यंत जाते.

आधी क्रियापदानंतरच्या जागेकडे पाहू. 'शी केम फर्स्ट', 'ही फिनिश्ड थर्ड', 'दे बॅटेड सेकंड' या वाक्यांतील क्रमवाचक शब्द क्रियेची रीत सांगत नाही, तर कर्ता रांगेत कितवा हे सांगतो. मराठीत ही गोष्ट डोळ्यांना दिसते: 'तो पहिला आला', 'ती पहिली आली', 'ते पहिले आले' असे रूप कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, म्हणजेच ते कर्त्याचे विशेषण आहे. इंग्रजीत विशेषणाचे रूप लिंगवचनाप्रमाणे बदलत नसल्यामुळे हे नाते झाकलेले राहते, पण ते तपासता येते. 'फिनिश्ड क्विकली' यातील 'क्विकली' क्रियेविषयी आहे; त्याच धर्तीवर 'फिनिश्ड सेकंडली' मात्र म्हणता येत नाही. 'सेकंडली' हा शब्द युक्तिवादातील दुसरा मुद्दा मांडताना वापरतात, शर्यतीतील क्रमांकासाठी नाही. उलट 'फिनिश्ड टायर्ड', म्हणजे शर्यत संपवली तेव्हा धावणारा थकलेला होता, या रचनेशी 'फिनिश्ड सेकंड' तंतोतंत जुळते. दोन्हींत शेवटचा शब्द कर्त्याची स्थिती सांगतो.

या रचनेत क्रियापदाचा मूळ अर्थ किती झिजतो हेही पाहण्यासारखे आहे. एखाद्या स्पर्धेविषयी 'द पोएम केम सेकंड' म्हणतात तेव्हा कविता कोठूनही चालत आलेली नसते. 'केम' येथे जवळजवळ 'होती' या अर्थाचे जोडक्रियापद झालेले असते. 'प्लेस्ड' आणि 'रँक्ड' ही क्रियापदे तर क्रम सांगण्यासाठीच आहेत. (अमेरिकेतील घोड्यांच्या शर्यतींत नुसते 'प्लेस्ड' म्हटले तरी घोडा दुसरा आला असे समजतात, इतका क्रम त्या क्रियापदात मुरलेला आहे.) अशा वाक्यांत 'द' येत नाही. 'शी केम द फर्स्ट' ही चूक शिकणाऱ्यांकडून वारंवार होते. मात्र 'फर्स्ट' किंवा 'सेकंड'आधी आणखी एक विशेषण आले की शब्द नामासारखा वागू लागतो आणि त्याला 'अ' लागतो: अगदी थोड्या फरकाने दुसरा आलेला 'केम अ क्लोज सेकंड'.

'सेकंड', 'थर्ड', 'फोर्थ' यांना वाक्यात उभे राहण्यासाठी रांग लागते, आणि ती क्रियापदाने किंवा संदर्भाने पुरवावी लागते. शर्यत, परीक्षा, फलंदाजी यांत ती असतेच. हसण्यात ती नसते, म्हणून 'शी लाफ्ड थर्ड' ऐकताच विचित्र वाटते. पण 'शी लाफ्ड फर्स्ट' मात्र मुळीच खटकत नाही. 'फर्स्ट'ला ही सवलत मिळण्याचे कारण असे की मूळात तो मोजणीचा शब्दच नाही. इंग्रजीत 'वन'पासून 'फर्स्ट' तयार झालेला नाही, जसा मराठीत 'एक'पासून 'पहिला' झालेला नाही. जुन्या इंग्रजीतील 'पुढे' या अर्थाच्या शब्दाला 'सर्वांत' हा भाव देणारा 'स्ट' प्रत्यय लागून 'फर्स्ट' बनला, म्हणजे 'सर्वांत पुढचा'. 'बेस्ट' आणि 'मोस्ट' यांच्या शेवटी दिसणारा प्रत्यय हाच. 'लास्ट' हे 'लेट'चे तसेच जुने रूप आहे, आणि 'नेक्स्ट' म्हणजे मूळात 'सर्वांत जवळचा'.

हे तीन शब्द एकत्र ठेवले की सुरुवातीचे कोडे सुटू लागते. क्रियापदाच्या आधी उभे राहून 'त्या वेळी' असा अर्थ देणारे शब्द नेमके हेच आहेत: 'व्हेन आय फर्स्ट सॉ हिम', 'व्हेन आय लास्ट सॉ हिम', 'व्हेन आय नेक्स्ट सॉ हिम'. 'शी सँग बेस्ट' मध्ये 'बेस्ट' जसा कोणताही प्रत्यय न घेता क्रियाविशेषण होतो, तसेच हे तिघे होतात. 'सेकंड' या कुळातला नाही. जुन्या इंग्रजीत 'दुसरा' या अर्थासाठी 'अदर' या शब्दाचेच पूर्वरूप वापरत. इ. स. १०६६ मधील नॉर्मन विजयानंतर इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा जो ओघ वाहू लागला, त्यात 'सेकंड' आला. त्याचे लॅटिन मूळ 'मागोमाग जाणे' या अर्थाच्या धातूत आहे. मागोमाग जायचे तर आधी कोणीतरी गेलेले असावे लागते. 'सेकंड'ला रांग लागते हे त्याच्या मूळ अर्थाशीही जुळते.

'फर्स्ट'च्या या मोकळेपणामुळे वाचणाऱ्याला मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. 'शी रेड द लेटर फर्स्ट' या वाक्याचे तीन अर्थ होतात: इतरांच्या आधी तिने पत्र वाचले, इतर कागदांच्या आधी पत्र वाचले, किंवा इतर कामांच्या आधी पत्र वाचण्याचे काम केले. बोलताना 'शी'वर जोर दिला तर पहिला अर्थ आणि 'लेटर'वर दिला तर दुसरा अर्थ पुढे येतो. लेखनात आवाजाची ही सोय नसल्यामुळे पहिला अर्थ निःसंदिग्धपणे सांगायचा असेल तर 'शी वॉज द फर्स्ट टू रीड द लेटर' अशी रचना करतात, आणि मघाशी वगळलेला 'द' या रचनेत आवश्यक ठरतो.