नवा घट पाझरतो म्हणून परत आणण्यापूर्वी

दरवर्षी आश्विन शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे नवरात्राच्या घटस्थापनेला, दुपारपर्यंत काही ग्राहक आमच्याकडून नेलेला घट गळतो म्हणून परत आणतात. त्यांतील बहुतेक घट निर्दोष असतात. भाजलेल्या मातीला सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून पाणी बाहेर झिरपते. हा पाझरच घटाखालच्या मातीला नऊ दिवस ओल पुरवतो आणि त्या ओलीवर धान्य उगवते.

घट आदल्या दिवशी, म्हणजे सर्वपित्री अमावास्येला, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावा. कोरडा घट पहिल्या दिवशी स्वतःच पुष्कळ पाणी शोषतो आणि पाणी एकाएकी उतरले की घरातील मंडळी घाबरतात. भिजवलेला घट पुसून, पाण्याने भरून अर्धा तास कोरड्या ताटात ठेवावा. सर्वांगाला सारखा ओलावा आला तर घट चांगला आहे. एकाच जागेवरून थेंब ठिबकू लागले तर तडा आहे, असे समजावे.

खरे नुकसान होते ते पाझर पुरेसा नाही असे वाटून सकाळ-संध्याकाळ मातीवर तांब्याने पाणी ओतल्यामुळे. धान्य कुजते, बुरशी धरते, आणि चौथ्या माळेला घरातील वडीलधाऱ्यांच्या मनाला उगाच रुखरुख लागते. पेरताना माती हाताने शिंपडून ओली करावी. पुढे रोज घटातील पाणी तेवढे गळ्यापर्यंत भरावे. परडीच्या कडेची माती कोरडी दिसली तरच तेथे बोटांनी पाणी शिंपडावे. तांब्याचा किंवा पितळेचा कलश मांडण्याची रीत असेल, तर तो पाझरत नसल्यामुळे रोज हलके शिंपडणे आवश्यकच आहे.

तैलरंगाने रंगवलेले घट आम्ही का ठेवत नाही, असेही विचारले जाते. ते देखणे असतात हे मान्य आहे. परंतु रंगाने छिद्रे बुजतात. गेरू आणि चुन्याची नक्षी मात्र पाझर अडवत नाही, म्हणून तशीच आम्ही करवून घेतो.

धान्य घरचे घेणार असाल तर अवश्य घ्यावे. मात्र तांदूळ आणि डाळी उगवत नाहीत, त्यासाठी साळ आणि अख्खे मूग, हरभरे लागतात. औषध लावलेले रंगीत बियाणे देवापुढे पेरू नये, कारण दसऱ्याला हे अंकुर आपण कानावर खोवतो आणि लहान मुले ते हाताळतात. आमच्या पुडीत गहू, सातू, साळ, ज्वारी, मूग, हरभरा आणि तीळ असतात, आणि प्रत्येक पोत्यातील मूठभर धान्य आम्ही भाद्रपदात उगवून पाहतो. पुडीसोबत चाळलेली काळी माती आणि वेताची परडीही मिळते. कोणती धान्ये आणि किती, याबाबत आपल्या घरचा कुळाचारच प्रमाण मानावा. सांगाल तशी पुडी बांधून देऊ.

तडा गेलेला घट प्रतिपदेच्या सकाळीही बदलून मिळेल. त्यासाठी पावती लागत नाही.